नवी मसल कार कलेक्टिबल होईल का, हे घेण्याआधी कसं ओळखायचं

ओळखीतलं कोणी ना कोणी दर दोन-चार महिन्यांनी विचारतंच, की डॉज डेमन घेतली आणि कव्हर घालून गॅरेजमध्ये ठेवली तर वीस-पंचवीस वर्षांनी ती जुन्या हेमी कुडासारखी (हेमी म्हणजे क्रायस्लरचं मोठं ताकदवान इंजिन) लाखो डॉलरला जाईल का. खरं तर विचारणाऱ्याची गाडी मनातल्या मनात घेऊन झालेली असते, घरच्यांना पटवायला फक्त इन्व्हेस्टमेंट हा शब्द हवा असतो. तर माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, जुन्या नावाने परत आलेल्या मसल कार्सपैकी (म्हणजे मोठ्या, ताकदवान इंजिनच्या अमेरिकन गाड्या) थोड्याच खऱ्या कलेक्टिबल होतील, आणि त्या बहुतेक करून कंपनीने ज्यांच्यावर कलेक्टर्स एडिशन असा बिल्ला लावलाय त्या नसतील. कुठली होईल हे छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही, पण कुठली होणार नाही हे बऱ्यापैकी ओळखता येतं आणि पैसे वाचवायला तेवढं पुरतं.

सगळ्यात आधी जुन्या गाड्या महाग का झाल्या ते नीट समजून घ्या, बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

१९७१ ची प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल २०१४ मध्ये सिएटलला मेकमच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. अशा गाड्या मुळात बनल्याच ११. सगळे इथेच थांबतात, ११ बनल्या म्हणून महाग, विषय संपला. पण ११ च का बनल्या? कारण तेव्हा त्या कोणाला नकोच होत्या! इंजिनचा ऑप्शन महाग, तरुण पोरांच्या विम्याचे हप्ते भरमसाठ, त्यात वर कन्व्हर्टिबल. १९६९ च्या कॅमारो झेडएल१ ची पण तीच गत, अ‍ॅल्युमिनियमचं ४२७ घन इंचांचं इंजिन एकटंच ४ हजार डॉलरच्या वर, पूर्ण गाडी ७ हजारांच्या पुढे, म्हणजे साध्या कॅमारोच्या दुपटीहून जास्त. इलिनॉयमधल्या एका डीलरने ५० ची ऑर्डर दिली आणि किंमत बघून त्याचे डोळे पांढरे झाले, बऱ्याच गाड्या कंपनीला परत घ्याव्या लागल्या. एकूण बनल्या ६९. १९७० ची प्लिमथ सुपरबर्ड, ती मागे उंच पंख असलेली, नॅसकार शर्यतीत उतरायला ठरावीक गाड्या बनवाव्या लागत त्या नियमासाठी सुमारे १,९०० बनवल्या आणि त्या शोरूमबाहेर इतका काळ पडून राहिल्या की काही डीलरांनी नाक आणि पंख काढून त्या साध्या रोड रनर म्हणून विकल्या.

आणि ज्या विकल्या गेल्या त्या वापरल्या गेल्या, म्हणजे अक्षरशः पिळून काढल्या. शनिवारी रात्री ड्रॅग रेस, इंजिन उडालं की दुसरं बसवलं, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने पत्रा खाल्ला, मग १९७३ चं तेलसंकट आलं आणि इतकं पेट्रोल पिणारी गाडी कोणी फुकट पण घेईना. पंधरा-वीस वर्षांनी ती पोरं कमावती झाली, त्यांना आपली तरुणपणीची गाडी परत हवीशी वाटली, तेव्हा बाजारात धड गाड्या उरल्याच नव्हत्या. किंमत तिथून चढली. दुर्मिळ गाड्या कोणी ठरवून बनवल्या नव्हत्या, निष्काळजीपणातून त्या दुर्मिळ झाल्या.

आता नव्यांकडे बघा. २०१८ ची डेमन ३,३०० बनली आणि घेणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की ही ठेवायची गाडी आहे. कित्येकांच्या सीटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाहीये. वीस वर्षांनी ३,३०० पैकी बऱ्याचशा जशाच्या तशा बाहेर येणार, आणि सगळ्या साधारण एकाच वेळी, कारण मालक साधारण एकाच वयाचे. म्हणून कुठलीही नवी गाडी बघताना पहिला प्रश्न किती बनल्या हा नको, न छेडलेल्या किती उरतील हा विचारा.

तरी आकडा बघायचाच असेल तर नीट बघा. डॉजची चॅलेंजर (डेमन ही तिचीच एक जात) २००८ मध्ये परत आली आणि २०१४ ते २०२२ दरवर्षी एकट्या अमेरिकेत ५० हजारांच्या वर विकली गेली, त्यामुळे नुसती चॅलेंजर आहे याला काही अर्थ नाही. तसं १९७० मध्येही चॅलेंजर ७५ हजारांच्या वर बनल्या होत्या पण त्यात हेमी इंजिनवाल्या ३५६ च, आणि आज वेडे पैसे मिळतात ते त्या ३५६ ना. म्हणून मॉडेल, मग इंजिन, मग गिअरबॉक्स, मग वर्ष असं खाली खाली उतरत जा. फक्त कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे हां, नाहीतर विकणारा तुम्हाला रंग, पट्टे, सनरूफ आणि सीटच्या शिलाईचा रंग जोडून 'जगात एकच' अशी गाडी दाखवेल. एवढे ऑप्शन जोडले तर माझ्या ऑफिसच्या पार्किंगमधली प्रत्येक गाडी जगात एकच निघेल. इंजिन आणि गिअरबॉक्सने पडणारा फरक खरा, शिलाईच्या रंगाने पडणारा बोलण्यापुरता.

पहिल्या वर्षाची म्हणून जास्त पैसे द्यायच्या आधी २००८ ची चॅलेंजर एसआरटी८ आठवा. अमेरिकेसाठी ६,४०० गाड्या, प्रत्येकीच्या डॅशवर नंबरची पट्टी, स्टिकर प्राइस, म्हणजे कंपनीने लावलेली किंमत, ४० हजार डॉलरच्या आसपास, आणि लोकांनी डीलरला वरचे कितीतरी हजार मोजून उचलल्या. त्या वर्षी ती फक्त ऑटोमॅटिकमध्ये मिळत होती. पुढच्याच वर्षी सहा गिअरची मॅन्युअल आली, २०१५ मध्ये चॅलेंजरचीच ७०७ हॉर्सपॉवरची हेलकॅट आली, आणि ४२५ हॉर्सपॉवरच्या त्या नंबरवाल्या गाडीकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. पट्टी अजून आहे तिथेच. वरचे दिलेले पैसे मात्र गेले ते गेलेच.

यातून एक चाचणी मिळते, या गाडीत असं काय आहे जे पुढच्या मॉडेलमध्ये आणखी जास्त मिळणार नाही? नुसती हॉर्सपॉवर हे उत्तर असेल तर सावध राहा, कारण ती दरवर्षी वाढतच गेली, फोर्ड मस्टँगची शेलबी जीटी५०० च घ्या ना, २००७ मध्ये ५००, २०१३ मध्ये ६६२, २०२० मध्ये ७६०, प्रत्येक नव्या गाडीने आधीच्या गाडीची शान उतरवली. याउलट शेलबी जीटी३५०, तिचं ५.२ लिटरचं फ्लॅट-प्लेन क्रँकचं इंजिन ८,२५० आरपीएमपर्यंत फिरतं, सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप) नाही, गिअरबॉक्स फक्त मॅन्युअल, आणि २०२० नंतर बंद. तिचा आवाज दुसऱ्या कुठल्याच मस्टँगला नाही. त्यातली २०१५ ची जीटी३५०आर तर फक्त ३७ बनल्या. किंवा २०१४-१५ ची कॅमारो झेड/२८, सात लिटरचं इंजिन, ५०५ हॉर्सपॉवर, कार्बन-सिरॅमिक ब्रेक, सुमारे ७५ हजार डॉलर किंमत आणि तेवढे देऊन एसी ऑप्शनमध्ये! वजन वाचवायला स्पीकरसुद्धा एकच ठेवला, तोही सीटबेल्टची टुणटुण ऐकू यावी म्हणून. असला वेडेपणा हिशेब करणारी कंपनी परत करत नाही. २०१२-१३ ची मस्टँग बॉस ३०२ पण याच रांगेत, दोनच वर्षं, मॅन्युअलच. कलेक्टरला पुढे हेच आठवतं. पट्टे आणि बिल्ले नाही.

गिअरबॉक्सबद्दल साधा नियम असा की दोन्ही मिळत असतील तर मॅन्युअल घ्या. डेमन फक्त ऑटोमॅटिक आहे पण ती सरळ रेषेत धावायलाच बनवली होती, तिला ते शोभतं.

आता 'शेवटची' या शब्दाबद्दल, इथे जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

१९७६ मध्ये कॅडिलॅकने एल्डोराडो कन्व्हर्टिबल शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल म्हणून विकली. १४ हजार बनल्या, शेवटच्या २०० एकसारख्या पांढऱ्या, लोकांनी जास्त पैसे देऊन घेतल्या आणि झाकून ठेवल्या. १९८२ मध्ये क्रायस्लरने कन्व्हर्टिबल परत आणली आणि १९८४ मध्ये खुद्द कॅडिलॅकने. काही मालक कोर्टात गेले. मग १९७८ ची इंडी पेस कार कॉर्व्हेट (इंडियानापोलिसच्या शर्यतीत पुढे धावणाऱ्या गाडीची नक्कल), स्टिकरवर १३,६५३ डॉलर, पेपरात बातम्या आल्या की ही सोन्याची खाण आहे, लोक दुप्पट द्यायला तयार, आणि शेव्हरोलेने बनवल्या ६,५०२. आजही त्या काही मैल चाललेल्या, प्लास्टिकसकट मिळतात. महागाई धरली तर तेव्हाचे १३,६५३ म्हणजे आजचे ६० हजारांच्या वर, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या त्यापेक्षा खूप कमीत जातात.

जुन्या काळच्या गोष्टी वाटत असतील तर डॉजचीच ताजी घ्या. २०२१ ची डुरँगो हेलकॅट एसयूव्ही एकाच वर्षासाठी म्हणून विकली आणि २०२३ मध्ये परत आणली, पुन्हा मालक कोर्टात. शेवटची चॅलेंजर डिसेंबर २०२३ मध्ये कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या कारखान्यातून बाहेर पडली, काळी डेमन १७०, १,०२५ हॉर्सपॉवरची, आणि तेव्हा सगळीकडे एकच गजर होता की हेमी संपलं. २०२५ मध्ये डॉजच्याच मालक कंपनीने रॅम १५०० पिकअपमध्ये हेमी परत आणल्याचं जाहीर केलं. चॅलेंजरच परत येईल असं मी म्हणत नाहीये, पण कंपनीचा शेवट हा जाहिरातीचा शेवट असतो, त्यावर पैसे लावू नका. डेमन १७० आली तेव्हा लोक तिच्या ९६,६६६ च्या बेस प्राइसच्या दुपटीने मागत होते, नंतर बरेचजण गपचूप खाली उतरले. सुरुवातीच्या सहा महिन्यांत तर कुठलीच नवी गाडी वरचे पैसे देऊन घेऊ नका, नव्याची नवलाई जाऊ द्या.

एक गंमत सांगतो. डॉजने २०२३ मध्ये ब्लॅक घोस्ट नावाच्या ३०० चॅलेंजर काढल्या. मूळ ब्लॅक घोस्ट म्हणजे डेट्रॉइटच्या एका पोलिसाची १९७० ची काळी हेमी चॅलेंजर, तो रात्री वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर येऊन सगळ्यांना हरवायचा आणि गायब व्हायचा. ती गाडी २०२३ मध्येच इंडियानापोलिसला मेकममध्ये सुमारे दहा लाख डॉलरला गेली. जिच्यात बसून तो पळायचा तिला दहा लाख, आणि तिच्या आठवणीतल्या ३०० पैकी जी कधी गॅरेजबाहेरच पडली नाही तिच्याबद्दल पुढे कोण काय सांगणार? गाडी पूर्ण झाकून ठेवली की मैल वाचतात, पण तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही घडतच नाही.

कागद आणि वस्तू

समजा एवढं सगळं बघून गाडी ठरली. आता कागद. जुन्या क्रायस्लर गाड्यांची बिल्ड शीट मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये अडकलेली सापडते आणि त्या फाटक्या कागदाने किंमत कितीतरी हजारांनी हलते. फोर्डवाले १९६७ पासूनच्या गाड्यांसाठी मार्टी रिपोर्ट काढतात, त्यात गाडी फॅक्टरीतून कशी निघाली ते येतं. नव्या गाडीत हे सोपं आहे पण लोक आळस करतात. विंडो स्टिकर, म्हणजे १९५८ च्या कायद्याने प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर लागणारा तो मोठा कागद, ओरिजिनल हवा, नेटवरून काढलेली प्रिंट नाही. सगळी सर्व्हिसची बिलं हवीत. आणि सोबत आलेल्या वस्तू सगळ्या हव्यात. हेलकॅटच्या दोन चाव्या असतात, लाल आणि काळी, पूर्ण ताकद लाल चावीने मिळते, दोन्ही मागा. डेमन घेताना क्रेट कुठे आहे ते आधी विचारा, पुढची बारीक चाकं, जॅक, रेस पेट्रोलसाठीचा कंट्रोलर असं सगळं त्या पेटीत होतं आणि ती पेटी १ डॉलरला मिळत होती, पॅसेंजर सीटसुद्धा १ डॉलरला. एक डॉलरची पेटी हरवलेली डेमन कलेक्टरच्या दृष्टीने अर्धवट गाडी आहे. ती पेटी नंतर शोधायला गेलात की कळेल एक डॉलरची किंमत.

मॉडिफाय केलेली नकोच. म्हणजे चालवायला मस्त असेल, पण सुपरचार्जरची पुली बदलली, ट्यून (इंजिनचं बदललेलं सॉफ्टवेअर) टाकली, एक्झॉस्ट कापला की ती कलेक्शनमधून बाद. विकणारा म्हणेल सगळं परत स्टॉक केलंय, तर काढलेले पार्ट दाखव म्हणा. माझ्या ओळखीतल्या एकाने असाच विश्वास ठेवला, नंतर कळलं इंजिन कंट्रोलरमध्ये ट्यूनच्या खुणा राहिल्या होत्या आणि पुढचा गिऱ्हाईक तिथेच उठून गेला.

नव्या गाड्यांची एक अडचण जुन्यांना नव्हती. १९६९ च्या गाडीचा कार्ब्युरेटर स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडून साफ करता येतो, २०१८ च्या गाडीत डझनावारी मॉड्यूल, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, आहेत आणि ते एकमेकांना ओळखल्याशिवाय गाडी सुरूसुद्धा होत नाही. तीस वर्षांनी स्क्रीन गेली, मॉड्यूल गेलं, तर ते कोण बनवणार? याचं एकच उत्तर मला पटतं, जी गाडी खूप विकली गेली तिच्या साध्या भावंडांचे पार्ट मिळत राहतील. म्हणजे भरपूर विकल्या गेलेल्या चॅलेंजरचा हा एक फायदाच आहे. पण फक्त त्या एडिशनसाठी बनलेला पार्ट असेल तर आत्ताच एक जास्तीचा घेऊन ठेवा.

ठेवण्याबद्दल थोडक्यात, कारण हे सगळीकडे मिळतं: बॅटरीला मेंटेनर, पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर, कोरडी जागा, उंदरांचा बंदोबस्त, ब्रेक फ्लुइड दोन वर्षांनी. महिन्यातून एकदा नुसतं सुरू करून बंद करू नका, त्याने एक्झॉस्टमध्ये पाणी साचतं, त्यापेक्षा अर्धा तास चालवूनच आणा. विमा अ‍ॅग्रीड व्हॅल्यूचा घ्या, म्हणजे गाडी गेली तर ठरलेली रक्कम मिळते, हॅगर्टीसारख्या कंपन्या तसा देतात. चोरांच्या हेलकॅट विशेष लाडक्या आहेत, तेव्हा गाडी रस्त्यावर उभी करायची असेल तर विषयच सोडा.

हिशेब, जो कोणी करत नाही

८५ हजार डॉलरची डेमन स्टिकरलाच मिळाली असं धरा. तेच ८५ हजार दहा वर्षं ५ टक्क्यांनी वाढले असते तर १ लाख ३८ हजारांच्या वर गेले असते. त्यात विमा, जागा, टायर, बॅटरी मिळून वर्षाला २ हजार जरी धरले तरी दहा वर्षांचे २० हजार. म्हणजे १ लाख ५८ हजारांच्या खाली विकलीत तर तुम्ही तोट्यात, आणि लिलावात विकलीत तर त्यांचं कमिशन वेगळं. यूट्यूबवर 'दुपटीला विकली' म्हणून नाचणाऱ्याला हा हिशेब विचारा एकदा. तेव्हा भाव बघताना मागितलेली किंमत बघू नका, मिळालेली बघा, ब्रिंग अ ट्रेलर या लिलावाच्या वेबसाइटवर झालेले आणि न झालेले दोन्ही सौदे दिसतात, बॅरेट-जॅक्सन आणि मेकमच्या लिलावांचे निकाल पण मिळतात. चॅरिटीचे आकडे मात्र बाजूला काढा, २०१८ मध्ये शेवटची डेमन आणि डॉजचीच शेवटची व्हायपर स्पोर्ट्स कार जोडीने १० लाख डॉलरला गेली ती देणगी होती, तो काही बाजारभाव नव्हे.

मग माझे पैसे असते तर मी कुठे लावले असते? २००४ ते २००६ ची पॉन्टियाक जीटीओ. हसा खुशाल. ऑस्ट्रेलियात बनलेली, होल्डन मोनॅरोवरून आलेली, १९६४ च्या जीटीओसारखी अजिबात दिसत नाही म्हणून सगळ्यांनी नाकं मुरडली. पहिल्या वर्षी ३५० हॉर्सपॉवर, नंतरची दोन वर्षं ४००, सहा गिअरची मॅन्युअल, तीन वर्षांत मिळून सुमारे ४० हजार. कोणी जपली नाही. पोरांनी स्वस्तात घेऊन रेस लावल्या, ठोकल्या, टर्बो बसवले, आणि २०१० मध्ये पॉन्टियाकच बंद झाली. जुन्या गाड्यांच्या बाबतीत जे घडलं होतं तेच हिच्या बाबतीत घडलंय, फक्त अजून कोणाचं लक्ष नाही. कुडाइतकी कधीच जाणार नाही, पण न छेडलेली मॅन्युअल गाडी आता शोधावी लागते आणि आत अडकणारे पैसे डेमनच्या मानाने खूपच कमी आहेत.

बघायला गेलात तर पुढच्या टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवा, या गाडीत टायर स्ट्रटला (सस्पेन्शनच्या दांड्याला) घासतो आणि कड कापली जाते. डिकी एवढीशी दिसली तर घाबरू नका, अमेरिकेसाठी पेट्रोलची टाकी तिथे हलवली होती त्यामुळे ती मुळातच तेवढी आहे. बोनेटखाली बघून झालं की बाकीच्या टायरवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, आणि ओडोमीटरवर १२ हजार मैल दाखवत असताना टायर तिसऱ्या सेटचे वाटले तर किल्ली परत देऊन निघा.